लॉर्नकाकांची मोजणी

"टक्केवारी बघ जरा," म्हणत प्रशिक्षक पेट्राशुकने कागद टेसाच्या नाकासमोर धरला. "ब्रेना तुझ्यापेक्षा जास्त फटके अडवते. आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात गोलरक्षक म्हणून तीच उभी राहील."

टेसाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ब्रेनाला तुम्ही सगळे सामने घरच्या बर्फावर दिलेत आणि मला बसमधून गावोगाव हिंडवलंत. इथं फटके कोण मोजतं? लॉर्नकाका! त्यांना घरच्या पोरींचं भारी कौतुक. गोलच्या बाजूनं जाऊन फळीवर आदळलेली चकतीसुद्धा ते 'अडवली' म्हणून लिहितात. परगावी मात्र मी छातीवर झेललेले फटकेही कुणी मोजत नाही."

"आकडे खोटं बोलत नाहीत, पोरी."

"आकडे नसतील बोलत. लॉर्नकाका बोलतात!"

कपडे बदलायच्या खोलीत जमलेल्या साऱ्या संघात हशा पिकला. ब्रेनासुद्धा मान खाली घालून हसली. पेट्राशुक लालबुंद झाला. "मग दाखव करून!"

टेसाने मुखवटा चढवला आणि कोपऱ्यातली हॉकीची काठी पेट्राशुकच्याच हातात कोंबली. "चला बर्फावर. अगदी गोलच्या तोंडाशी उभे राहा आणि तुम्हीच फटके मारा. आधी गोलसमोर मी उभी राहते, मग माझ्या जागी तो कागद लावा. बघू, तो किती अडवतो!"