उंबरठ्यावर कदम बदल

मरोळच्या आमच्या वसाहतीत दर सव्वीस जानेवारीला मुलांचा कार्यक्रम व्हायचा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो बसवायचं काम माझ्याकडे होतं. बहुतेक वर्षी लढाईचंच नाटुकलं व्हायचं. पुठ्ठ्याच्या बंदुका, टिकल्यांचे आवाज, आणि शेवटी एक जण झेंडा छातीशी धरून मरायचा. मरायला मिळावं म्हणून मुलं आपसात भांडायची.

ब्याऐंशीची दिवाळी सरली तसं मी मुलांना बालवाडीच्या खोलीत गोळा केलं आणि विचारलं, "यंदा कोण मरणार?"

दहा-बारा हात वर झाले. जयाचा हात मात्र खालीच होता. ती म्हणाली, "बाई, यंदा कुणीच नको ना मरायला. जे मरत नाहीत ते घरी येतात. त्यांचं करू या."

"त्यात काय करायचं? फायटिंग नाही, काही नाही," एक मुलगा म्हणाला.

"गाणी करू या."

जया तेव्हा आठवीत होती. आवाज मोकळा, लांबपर्यंत जाणारा. तिचे वडील धोंडिराम एकाहत्तरच्या लढाईत होते. आता ते वसाहतीजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. माणूस सरळ, कमी बोलणारा. लढाईबद्दल तर एक शब्द काढत नसत. जयानं हा विषय का सुचवला ते मला तेव्हाच कळलं. घरात जे विचारता येत नव्हतं ते ती नाटकात विचारायला निघाली होती.

मी लिहायला बसले. तीन जवान लढाई संपवून आपल्या गावी परततात, एवढीच गोष्ट. बोलणं थोडं, गाणी जास्त. थोरल्या जवानाचं काम जयाला दिलं, कारण मुलांपैकी एकालाही वरचा सूर लागत नव्हता. त्याच्या लहानग्या मुलीचं काम पहिलीतल्या मीराला.

पेटीला माणूस हवा होता. कुर्ल्याचे दत्ताराम मिळाले. मूळचे मालवणकडचे. लहानपणापासून दशावताराला पेटी वाजवलेली, पुढे गिरणीत लागले, आणि त्या वर्षी संपामुळे घरी बसून होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "बाई, घरात बसान माझी बोटां गंजली. पोरांचा असू दे नायतर म्हाताऱ्यांचा, मी येतंय." दोन दिवसांत त्यांनी माझ्या ओळींना चाली लावल्या. मुलं बसच्या रांगेत उभी राहूनसुद्धा ती गाणी म्हणायला लागली.

अडचण एकच होती. धोंडिरामांनी जयाला अजून होकार दिला नव्हता. मी स्वतः गेटवर जाऊन त्यांना भेटले. ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता म्हणून न्हाई म्हणत न्हाई. पण मी एकदा येऊन बघणार. खोटं दिसलं तर पोरीला घेऊन जाणार. मग पुन्हा हा विषय न्हाई."

ते ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत, दाराशी उभे राहिले. बालवाडीत दोन चौरंग जोडून आम्ही रंगमंच केला होता आणि बाजूला माझी जुनी साडी बांधून विंग. पेटी सुरू झाली. साडीमागून जया आणि दोघं मुलगे चालत आले, छान तालात, गात गात:

*दूर राहिले तंबू-खंदक, दूर राहिली घाई,*
*घर आले गं, चूल पेटली, भाकर दे गं आई.*

"थांबा," धोंडिराम म्हणाले. पेटी थांबली. "पहिलं पाऊल उजवं टाकायला कुणी शिकवलं?"

"मी," दत्ताराम म्हणाले.

"फौजेत चाल डाव्या पायानं सुरू होते. उजव्यानं निघालेला जवान मी जन्मात बघितला न्हाई."

"आणि डाव्या पायान रंगमंचार चढलेलो नट मी जन्मात बघूक नाय. फळीक हात लावायचो, नमस्कार करायचो, उजवो पाय टाकायचो. माझ्या गुरूनं शिकवल्यान ता असा."

"शुभ-अशुभ आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडून दिलं, दत्ताराम."

"तुमी सोडा हो. माझ्या पेटीन खंय सोडल्यान? डावो पाय पडलो तर मी पेटी उचलतंय आणि कुर्ल्याक जातंय."

मुलं एकदा ह्यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती. मीरानं हात वर केला. "बाई, दोन्ही पायांनी उडी मारून येऊ या ना."

कुणी हसलं नाही. धोंडिराम शांतपणे म्हणाले, "हे खोटं हाय. जया, चल."

जया चौरंगावरून उतरली. रडली नाही, पण उतरताना तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला राहवेना. मी म्हटलं, "धोंडिराम, मला रविवारपर्यंत वेळ द्या. काही मार्ग सापडला नाही, तर मी स्वतः तिचं नाव काढीन."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "रविवार," म्हणाले आणि गेले.

दत्ताराम गेले तर गाणी गेली. डावा पाय नसेल तर जया गेली. मुलांना गणित सुटत नसलं की मी त्यांना सांगते, आधी काय दिलंय ते पुन्हा वाचा. तसं मी मनाशी पुन्हा पुन्हा वाचत होते, पण उत्तर येत नव्हतं. शेवटी शनिवारी संध्याकाळी उठून धोंडिरामांच्या घरी गेले.

एकच खोली, पुढे छोटा ओटा. जयाची आई, विमला, भाकऱ्या थापत होती. धोंडिराम खाटेवर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी इकडचं तिकडचं बोलत होते. तेवढ्यात जयानंच मध्ये विचारलं, "बाबा, तुम्ही लढाईवरून घरी आलात तेव्हा कुठला पाय टाकलात?"

"आठवत न्हाई."

"डावा," विमला तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "मला आठवतंय ना. बुटासकट. खाडखाड करत, गावच्या घरी, माझ्या सारवलेल्या जमिनीवर. आणि ही बया तीन वर्षांची, दारातच खेळत होती. ते बूट बघून अशी किंचाळली की शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं."

"मी?" जयाचा चेहरा पडला. "बाबांना बघून?"

"बाबांना कुठं बघितलंस? वर बघायला मान तर उचलायला हवी. तू बूटच बघितलेस."

धोंडिरामांचा ब्रश थांबला होता. विमला सांगतच होती, "मग मी म्हटलं, आधी बाहेर व्हा. ती फौज बाहेर काढून ठेवा आणि पुन्हा या. लढाई जिंकून आलेला माणूस, मुकाट्यानं ओट्यावर जाऊन बसला आणि नाड्या सोडायला लागला."

"मग?" जया.

"मग आले."

"तेव्हा कुठला पाय?"

विमलाला ते आठवेना. ती नवऱ्याकडे बघायला लागली. धोंडिरामांनी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाले, "उजवा."

"आत्ता म्हणालात आठवत नाही," जया म्हणाली.

"डावाच पुढं यायला लागला होता, आपोआप. इतकी वरसं तीच सवय. पण म्हटलं, हे पाऊल पोरीनं बघितलंय. तिथंच कदम बदल केला."

"म्हणजे काय?"

ते उठले. त्या एवढ्याशा खोलीत, खाट आणि चूल यांच्या मधे, त्यांनी करून दाखवलं. उजवा पाय पुढे, डाव्याचा चवडा झटकन त्याच्या टाचेला, आणि लगेच पुन्हा उजवाच पुढे. चालता चालता पाय चुकला की फौजेत असं करून पाऊल बदलतात. अनवाणी पायांनी, अजिबात आवाज न करता केलं त्यांनी. "डावा पाय फौजेचा," ते म्हणाले. "तो घरात कशाला न्यायचा?"

जया टुणकन उभी राहिली. "बाई! रंगमंच म्हणजे घर! आम्ही विंगेतून यायचंच नाही. मागून, लोकांच्या मधून यायचं. तो लढाईवरून यायचा रस्ता. तिथं डावा-उजवा, डावा-उजवा. आणि पायऱ्यांशी आलं की कदम बदल!"

"आणि फळीवर उजवा," मी म्हटलं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की विमलानं पुढे केलेली भाकरी मी नको न म्हणता घेतली.

धोंडिराम मात्र लगेच विरघळले नाहीत. "जया घरी म्हणते ते हार घालायचं गाणं काढा. आम्हाला कुणी हार घातला न्हाई. आणि बाई, हे माझ्या घरातलं हाय. सगळ्यांसमोर पोरगी ते नीट करते का, ते बघायला मी मागं उभा राहीन. तमाशा झाला तर तोच शेवटचा खेळ."

दुसऱ्या दिवशी दत्तारामांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "फळीर उजवोच ना?"

"उजवाच."

"मग खाली उलट्या पायान चला, माझा काय जाता?" आणि कदम बदलाच्या जागी त्यांनी चालीत एक छोटासा थांबा काढून दिला. आपल्या लेकीला धोंडिरामांनी स्वतःचे जुने बूट दिले. ते तिला फार मोठे होत होते, म्हणून विमलानं पुढे चिंध्या कोंबल्या. ते बूट बघून मीरानं किंचाळायचं, हेही मी नाटकात घातलं.

सव्वीस जानेवारीला मांडव भरला. आम्ही मधोमध सतरंज्यांमध्ये वाट सोडली होती, दोन्ही बाजूंना सुतळी बांधली होती. पण मांडवात मोकळी जागा दिसली की माणसं बसतात. सुतळी कधी तुटली कळलंच नाही. नाटक सुरू व्हायच्या वेळी ती वाट बायाबापड्या, पोरंटोरं आणि एक शेंगदाणेवाला यांनी भरून गेली होती. मी विंगेत. मागे, मांडवाच्या तोंडाशी, जया आणि तिचे दोन जवान अडकलेले. दत्तारामांनी मुखडा वाजवला. पुन्हा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवताना माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला.

मी मागे बघत होते. जयापाशीच धोंडिराम हाताची घडी घालून उभे होते. मला वाटलं, झालं. आता ते तिचा हात धरणार आणि चालायला लागणार.

"बीच में से रास्ता छोडो!"

तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. मांडवातल्या सगळ्यांनीच पहिल्यांदा ऐकला असावा. शेंगदाणेवाला टोपलीसकट उडी मारून बाजूला झाला. बायका पोरांना ओढून सरकल्या आणि मधे सरळ वाट पडली. मग थोड्या खालच्या, पण विंगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात ते म्हणाले, "तेज चल."

डावा. उजवा. डावा. मोठ्या बुटांचा आवाज जमिनीवर धपधप पडत होता आणि जयाचा सूर त्याच्यावरून चढत होता. पायऱ्यांशी ती आली. दत्तारामांनी थांबा घेतला. तिनं उजवा पुढे टाकला, डावा चवडा टाचेला नेला, आणि तिथं घोटाळा झाला. डावा बूट उजव्या बुटाच्या टाचेवर पडला. पाय वर आला, बूट खालीच राहिला. जया उजवा पाय अनवाणी घेऊन पायरी चढून फळीवर उभी!

मीरानं इथं बूट बघून किंचाळायचं होतं. ती वाकून खाली बघत म्हणाली, "अगं, तुझा बूट राहिला ना!"

मांडव हसला. जयानं एकदा मागे पाहिलं, लोकांच्या डोक्यांवरून थेट मांडवाच्या तोंडापर्यंत. मग मीराकडे वळून म्हणाली, "राहू दे बाहेरच." आणि खाली बसून दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली. नाडी सोडता सोडताच तिनं पुढची ओळ उचलली. दत्तारामांनी पेटी इतकी हळू केली की नुसता सूर उरला. हसणारा मांडव गप्प झाला. विमला पहिल्या रांगेत होती. तिनं पदर तोंडाला लावला.

नाटक संपलं तेव्हा धोंडिराम रंगमंचामागे आले. दोन्ही बूट त्यांच्या हातात होते. जया माझ्या पाठीमागे सरकली.

"नाडी न बांधता बूट कुणी घातला?"

"चुकलं, बाबा."

"चुकलं तर चुकलं." त्यांनी बूट तिच्या हातात दिले. "पुढच्या खेळाला असाच सोडायचा. फक्त पाडायचा न्हाई, बसून नीट काढायचा. उद्या संध्याकाळी गेटवर ये, दाखवतो."

"म्हणजे पुढचा खेळ आहे?" मी विचारलं.

"मांडवात आलेले घाटकोपरवाले बोलावतायत म्हणं," ते म्हणाले, जणू ही बातमी सगळ्यांना आधीच माहीत होती.

घाटकोपरला झाला, मग मुलुंडला, मग बोरिवलीला एका शाळेच्या हॉलमध्ये. तिथं रंगमंचाला पायऱ्याच नव्हत्या, तेव्हा धोंडिरामांनी शाळेची दोन बाकं आणून लावली आणि दत्तारामांनी त्या बाकांनाही हात लावून नमस्कार केला. वाट मोकळी ठेवायचं काम प्रत्येक ठिकाणी धोंडिरामांकडेच होतं. सुतळी लागायची नाही.

पहिल्या प्रयोगानंतरची गोष्ट मला जयानं दुसऱ्या दिवशी सांगितली. तिघं घरी पोचली. आई कुलूप काढून आत गेली. बाबा ओट्यावर चढले, दाराशी आले आणि थांबले. मग कुणी बघत नाहीसं समजून, उजवा पाय पुढे, डावा टाचेला, पुन्हा उजवा, असे उंबरठ्याच्या आत गेले.

"आणि आई?" मी विचारलं.

"आई म्हणाली, पुरे झालं नाटक. पाय धुवा आणि जेवायला बसा."