जायफळाचं पोतं

मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांचं नाटक सुचित्रानंच बसवायचं, हे आता ठरूनच गेलं होतं. पुण्याहून सिंगापूरला येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, एका बँकेच्या आयटीत ती मॅनेजर होती, आणि नाटकाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नव्हती. यंदा तिनं परीकथांना सुट्टी दिली आणि विषय काढला जायफळाचा. चारशे वर्षांपूर्वी मसाल्याच्या बांदा बेटांवर डच कंपनीची गलबतं आली, जायफळाचा सगळा व्यापार आपल्याच मुठीत राहावा म्हणून त्यांनी तिथली माणसं मारली, उरलेली हुसकावली आणि मळ्यांत गुलाम आणून राबवले. बी दुसरीकडे कुठे रुजू नये म्हणून जायफळं चुन्यात बुडवून पाठवत, हे सांगताना सुचित्राचा आवाज चढायचा. "कोणी बोलायचं आणि कोणी ओझी वाहायची, हे परक्यांनी येऊन ठरवलं," असं ती मुलांना तळमळीनं सांगायची. मुलं माना डोलवायची आणि बिस्किटं खायची.

नाटकातल्या भूमिका मात्र तिनंच ठरवल्या. गव्हर्नर झाला तिचा स्वतःचा मुलगा क्षितिज. बेटाचा मुखिया, म्हणजे नाटकातलं सगळ्यात मोठं काम, मिळालं तिच्या मैत्रिणीच्या, अनघाच्या तन्मयला. आणि एकताच्या पाठीवर आलं जायफळाचं पोतं. निवडीच्या दिवशी एकता मुखियाचं अख्खं भाषण पाठ करून आली होती, आणि तिनं ते म्हटलंही होतं झकास. तिची आई, बेबी, मूळची नागपूरची, इथल्या एका विद्यापीठात संशोधक. लेकीला तालमीसाठी ती दर रविवारी चोआ चू कांगहून एवढ्या लांब तोआ पायोहला आणायची. एवढ्या शिकलेल्या बाईचं नाव बेबी, यावर सुचित्रा आणि अनघा एकदा पोटभर हसल्या होत्या.

एका रविवारी तालमीला आईवडीलही बसले होते. तन्मय भाषणात अडकला. पोत्याखाली वाकलेल्या एकतानं हळूच पुढचा शब्द सांगितला. तो पुन्हा अडकला, तिनं पुन्हा सांगितला. मग तर त्यानं आठवायचंच सोडून दिलं आणि तो सरळ तिच्याकडे बघू लागला. सुचित्राचं डोकं फिरलं.

"एकता, ओझं वाहणाऱ्यानं गप्प राहायचं असतं. पोती बोलत नाहीत."

खोलीत हशा पिकला. अनघा सगळ्यात जोरात हसली. सगळे हसतायत म्हणून एकताही थोडं हसली आणि आणखी वाकली. बेबी हसली नाही.

तालीम संपल्यावर ती सुचित्राला बाहेर गाठून म्हणाली, "सुचित्राताई, मुखियाचं काम तन्मयला का दिलंत?"

"उच्चार हो. एवढं मोठं भाषण, मराठी स्वच्छ नको का?"

नेमका तेव्हाच आतून क्षितिजचा आवाज आला, शेवटी अस्सल सिंगापुरी शेपूट लावून, "हे बेट आता आमचं आहे लाह!"

बेबी त्यावरही हसली नाही. "आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही मला गाव विचारलंत. मग आडनाव. त्यावरून काही कळेना, म्हणून माहेरचं आडनाव. मग घरी गणपती बसतो का, ते. मी म्हटलं, आमच्याकडे बुद्धवंदना असते. त्यानंतर तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मी काम काय करते, हेसुद्धा नाही." तिनं एकताची बॅग खांद्याला लावली. "एकता आता येणार नाही."

मी तसलं काही मानत नाही, हे वाक्य सुचित्राच्या ओठांवर तयार होतं. ते तिनं आयुष्यात इतक्यांदा वापरलं होतं की न अडखळता यायचं. आज ते आलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि सगळ्यात जास्त याची, की भूमिका वाटताना तिनं असा काही विचार केलाच नव्हता. करावा लागलाच नव्हता. हात आपोआप चालला होता. ऑफिसात, एमआरटीच्या गाडीत, जेवताना तिला ती वाकलेली पोर दिसत राहिली.

शनिवारी सकाळी ती चोआ चू कांगला गेली. तन्मयचं काम काढून घेतल्याबद्दल अनघाचे चार शब्द फोनवर ऐकून घेऊनच ती निघाली होती. बेबीनं दार उघडलं, बसायला सांगितलं, चहा दिला. सुचित्रा एकतासमोर बसली.

"मी चुकले, बाळा. तुला सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं. मुखियाचं काम तुझंच आहे. पहिल्या दिवसापासून तुझंच होतं. येशील ना?"

एकतानं आईकडे पाहिलं. आईनं तिच्यावरच सोडलं. पोरीचा चेहरा उजळला, पण होकार देण्याआधी तिला एक शंका आली.

"देन हू विल कॅरी द पोतं, आंटी?"

सुचित्रानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. जिभेवर नाव आलंही होतं. मंडळात नवीनच आलेल्या सुलेखाचा मुलगा. ते कुटुंब नुकतंच आंग मो किओत राहायला आलं होतं. मुलगा कसा दिसतो, बुटका की उंच, लाजरा की बडबड्या, सुचित्राला काही ठाऊक नव्हतं. तिनं त्याचं फक्त आडनाव ऐकलं होतं.

तिनं तोंड मिटलं. मग म्हणाली, "क्षितिज. पोतं क्षितिज उचलेल."

"ओके, कॅन," असा सिंगापुरी होकार देत एकता आनंदानं आत पळाली.

बेबी मघापासून सुचित्राच्या तोंडाकडे बघत होती. तिनं टेबलावरचे कप उचलले आणि शांतपणे विचारलं, "आधी कुणाचं नाव घेणार होतात?"