राहून गेलेली तीन अक्षरं

पुष्पलतेला 'मॅग्नॅनिमस' म्हणजे काय ते येत होतं, पण दुकानात उभं राहून इंग्रजीत पावशेर मीठ मागता येत नव्हतं. याला शिक्षण म्हणावं की सोंग, ते ज्याचं त्यानं ठरवावं. ती इंग्रजी शिकली ती हातमागाशेजारी बसून, तेव्हा ते असं तिरपागडंच असणार.

बासष्ट सालची गोष्ट. टिमकीच्या विणकर वस्तीतल्या घरात नवरा शालिकराम मागावर बसायचा आणि ती शेजारी चरख्यावर कांड्या भरायची. शालिकराम मॅट्रिक झालेला. मागावर आता पोट भरत नाही, सरकारी नोकरीच धरावी, असं त्यानं मनावर घेतलं होतं. कुणा शहाण्यानं त्याच्या कानात भरवलं, की सोपं इंग्रजी सगळ्यांनाच येतं. मुलाखतीत साहेबाला गार करायचं तर त्यालाच कोश उघडावा लागेल असे शब्द पाहिजेत. झालं. शालिकरामनं रद्दीतून एक इंग्रजी-मराठी कोश आणला. त्याची ए, बी, सीची पानं आधीच कुणाच्या तरी फुटाण्यांच्या पुड्यांत गेली होती. कोश एकदम डीपासून सुरू व्हायचा.

पण हातात धोटा आणि पाय खड्ड्यातल्या फळ्यांवर, तर कोश धरणार कोण? म्हणून त्यानं मागाच्या खांबावर खडूनं सव्वीस अक्षरं लिहून बायकोला शिकवली. चौथी पास पुष्पलता दोन महिन्यांत ठेचकाळत का होईना वाचायला लागली. गुडघ्याखाली पान दाबून ती शब्द काढायची आणि तो मागाच्या ठेक्यावर अर्थ सांगायचा.

"लॅकोनिक."

खट्, खट्. "मोजकं बोलनारा."

"लोक्वेशस."

खट्, खट्. "तुहे बाबा."

वडिलांची अखंड बडबड आठवून ती हसायची आणि हातातलं सूत तुटायचं. आतून सासू रुखमाबाई विचारायची, "काय करून राहिले रे तुम्ही दोघं?" सासूला वाटायचं सून मंत्र म्हणते. त्या वर्षभरात नवरा-बायको जेवढं बोलले तेवढं पुढं उभ्या जन्मात बोलले नाहीत. झेडचं शेवटचं पान संपलं त्या संध्याकाळी पुष्पलतेचा चेहरा उतरला. शालिकराम म्हणाला, "एक डाव नोकरी लागू दे वं. पुरा कोश आनतो. मंग ए-बी-सी करू, आरामात."

मुलाखतीत साहेबानं नाव विचारलं, गाव विचारलं आणि टाइपिंग येतं का ते विचारलं. डीपासून झेडपर्यंतच्या एकाही शब्दाला कुणी हात लावला नाही. नोकरी मात्र लागली. पुढं सासू गेली, माग विकला, नंदनवन वस्तीत दोन खोल्या झाल्या, आणि बिऱ्हाड हलवताना तो कोश जिथून आला होता तिथंच, रद्दीत गेला.

शालिकराम वाईट नवरा नव्हता. पगार आणून हातात द्यायचा, जेवणाला कधी नावं ठेवली नाहीत, एकुलत्या मुलीचं लग्न उमरेडला चांगल्या घरी लावून दिलं. फक्त कचेरीतून आला की पेपर उघडायचा आणि त्याच्यामागे दिसेनासा व्हायचा. एकदा धीर करून तिनं विचारलं, "अवो, ते ए-बी-सी राहून गेलं आपलं." पेपरामागून उत्तर आलं, "आता कायले पाह्यजे? लागली ना नोकरी." चूक काही नव्हतं त्यात. पण पुष्पलतेचं दुःख असं होतं की नवरा रोज घरात असायचा आणि तिला रोज त्याची आठवण यायची. कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी तिलाच वेड्यात काढलं असतं.

मग तिनं ए, बी, सी असे तीन भाग पाडून एक वही केली. त्याच्या जुन्या इंग्रजी पेपरांत, औषधाच्या कागदावर, कचेरीतून घरी आलेल्या एखाद्या पत्रात ए, बी किंवा सीचा अवघड शब्द सापडला की ती उतरवून घ्यायची आणि शेजारच्या यमुताई मास्तरणीकडून अर्थ लिहून आणायची. डीपासून पुढचा शब्द ती कधी घेत नसे. ते तर झाले होते. कोश स्वतः विकत आणता आला असता, पण तो त्यानं आणायचा होता. अशी बाईमाणसं हट्टाला पेटली की वीस वर्षंसुद्धा कमीच पडतात.

शहाऐंशी साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षीच शालिकरामला मोतीबिंदू झाला. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं आणि दोन्ही डोळ्यांवर पट्टी बसली. पाच दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही. पेपर बंद. पहिला दिवस त्यानं कुरकुर करण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पलतेनं पिशवीतून वही काढली.

"अबेयन्स," ती म्हणाली.

तिला वाटलं, आता म्हणतो, हे काय खूळ.

"तहकूब," शालिकराम म्हणाला. "हा तं आमच्या हापिसातला शब्द हाय. फाईल तहकूब ठेवतेत ना, तेच."

"आपलं बी तेच झालं," ती म्हणाली. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

"अॅडमंट."

"हे नाही येत."

"हट्टी."

"मंग तुहंच नाव काहून नाही लिहिलं तिथं?"

ती हसली. किती वर्षांनी हसली ते तिचं तिलाच ठाऊक. चादरीखाली शालिकरामचा उजवा पाय हलला आणि कॉटची लोखंडी पट्टी वाजली. खट्, खट्. पुढचे दोन दिवस त्या कॉटवर दुसरं काही झालं नाही. तोच विचारायचा, "पुढं?" आणि ती पान उलटायची. पाचव्या दिवशी सकाळी बी संपला, आणि पट्टी काढायला डॉक्टर येत असल्याचं नर्सनं सांगितलं.

पुष्पलता डॉक्टरांना दारातच आडवी आली. "डॉक्टरसाहेब, पट्टी अजून दोन दिवस राहिली तं नाही चालनार?"

"काहून? दुखून राहिलं का त्यांना?"

"नाही."

"मग?"

तिनं हातातली वही पदराआड घेतली. ती बाजूला झाली.

पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं धरली. शालिकरामनं तीन म्हटलं, दोन म्हटलं, खिडकीबाहेरच्या सायकली सांगितल्या. "एकदम बरोबर," म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. पुष्पलतेनं त्या दिवसाचा पेपर नवऱ्याच्या उशाशी ठेवला. तिनंच आणला होता सकाळी. त्याची सवय तिला माहीत होती. मग ती वही पिशवीत घालायला लागली.

"आन इकडं," शालिकराम म्हणाला. त्याला वाटलं होतं, बायको कोणता तरी कोश वाचते आहे. त्यानं वही उघडली. निळी शाई, काळी शाई, कुठं पेन्सिल. दर भागात सुरुवातीची अक्षरं मागाच्या खांबावरच्यासारखी मोठी, वाकडी. पुढं पुढं बारीक आणि सरळ होत गेलेली. तो बराच वेळ पानं उलटत राहिला.

"कधी लिहिलं हे?"

"तुम्ही कोश आननार होते," ती म्हणाली. "वाट पाहून राहिली होती मी. तवर लिहिलं."

शालिकरामनं वही तिच्या हातात परत दिली, उशाचा पेपर उचलून कॉटखाली ठेवला, आडवा झाला आणि डोळे मिटले.

"मले अजून नीट दिसून नाही राहिलं," तो म्हणाला. "वाच तू."

खिडकीबाहेरच्या सायकली त्यानं आत्ताच सांगितल्या होत्या. पुष्पलता कॉटच्या कडेला बसली. "सीपासून ना?"

"नाही. पहिल्यापासून."

तिनं पहिलं पान काढलं. "अबेयन्स," ती म्हणाली, आणि उत्तर यायच्या आधी कॉटची पट्टी दोनदा वाजली.