सीलबंद कासव

मी सोनेरी कासव बोलतोय. पिशवीत होतो तोवर माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही, म्हणून आता सांगतो.

अंगठ्याएवढं रबरी अंग, पोटाखाली दोन चाकं. आमची तीस खेळण्यातल्या प्राण्यांची जमात. बंद खोक्यातून कोण निघेल ते नशीब. मी हजारात एक, म्हणून पोरं माझ्यासाठी जीव टाकत. दुकानदार सगळ्यांना एकच मंत्र देई: खोका फोडा, आतली पिशवी फोडू नका, सीलबंदालाच मान.

मी निघालो एका आजारी मुलीच्या खोक्यातून. ती इस्पितळात होती, ऑपरेशन जवळ आलं होतं. तिची आई व्रतवैकल्यांची. तिनं देवाला शब्द दिला: पोर बरी होऊन घरी आली की तिच्याच हातानं पिशवी फोडवीन, तोवर तशीच ठेवीन.

"आई, एकदाच दे ना. नुसतं चालवून बघते."

"बोललेलं मोडू नये, बाळा. घरी गेलो की तुझंच आहे."

"बरं. तोवर माकडच माझं."

माकड आमच्याच जमातीतलं, अगदी साधं. शेजारच्या खाटेवरच्या मुलीनं अदलाबदलीत दिलेलं. शेपूट कुरतडलेलं, एक डोळा पुसलेला. दोघी त्याला इंजेक्शन देत, पट्ट्या बांधत, औषध थुंकलं म्हणून रागे भरत. मी उशाशी लखलखत बसून मनातून जळत होतो.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी आई घरी आली ती एकटीच. माकड मुलीच्या मुठीतच राहिलं. ते सोडवायचं कुणाला धाडस झालं नाही. मला देवाच्या फळीवर ठेवलं. आई रोज दिवा लावी आणि माझ्याकडे न बघता उठे.

वर्ष सरलं. कारखान्यानं हावरेपणानं सोनेरी कासवांचा ढीग बाजारात ओतला. "माझ्याकडे सहा आहेत," खिडकीखाली एक पोर म्हणालं, "पण करायचं काय त्यांचं? नुसती ठेवायची." खूळ तिथंच विझलं. कोपऱ्यावर गोट्या मात्र अजून खणखणत होत्या. त्या हरवतात, फुटतात, डाव जिंकून परत येतात.

एका दुपारी शेजारच्या खाटेवरची ती मुलगी भेटायला आली. बरी झालेली, गालांवर रंग चढलेला. "मावशी, हे अजून बंदच?"

आई उठून मला फळीवरून खाली घेऊन आली. मग शिवणाच्या डब्यातली कात्री तिच्या हातात देत म्हणाली, "फोड गं तूच. नवस माझा होता, खेळ तिचा होता. माझीच गल्लत झाली."

सोनेरी रंग पिशवीला चिकटून निघाला. आत मी हिरवा, बाकीच्यांसारखाच. चाकं ताठलेली, वीतभर चाललो नि कलंडलो.

"लंगडतंय. पट्टी लागेल," मुलगी म्हणाली.

आईनं चिंधी फाडून दिली.

आता मी त्या मुलीच्या खिशात असतो. माझंही शेपूट कुरतडलंय. मागणं एवढंच: तुमच्या फळीवर कुणी असं बंद बसलं असेल, तर मागणारा हात समोर आहे तोवरच फोडा.