'दाओझी'च्या आधी

रुआन बाईंनी चष्मा लावून कागद खिडकीशी धरला. शी दाशानच्या निष्काळजीपणामुळे भट्टीचा स्फोट ओढवला, असं त्यावर लिहिलं होतं. 'ओढवला'साठी युनपेइने 'दाओझी' वापरला होता. बातम्यांतला, सरकारी अहवालांतला भारदस्त शब्द. आधी कारण, मागून वाईट परिणाम.

"उद्या कारखान्याच्या फाटकावर लावायचंय," युनपेइ म्हणाला. "शब्द बरोबर आहे ना, बाई? लोक हसायला नकोत."

"हसतील कशाला? दाशान गेलाय."

युनपेइने मान खाली घातली. चिनी मातीच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला, तरी या घरात तो अजून स्टुलावरच बसायचा.

तो आणि दाशान, दोघे बाईंच्या वर्गात एकाच बाकावरचे. एकमेकांचं बघून लिहायचे, त्यामुळे मेल्यांच्या चुकाही सारख्याच! पुढे बाईंचं छप्पर गळायला लागलं की दोघेच यायचे. दाशान कौलं बसवायचा आणि युनपेइ खालून हुकूम सोडायचा. बाईंना मूलबाळ नव्हतं, पण वसंतोत्सवाला त्या कधी एकट्या जेवल्या नाहीत. काय दिवस होते ते!

"वर्गात हा शब्द कसा वापरायचात रे?"

"उभं राहून." युनपेइ ओशाळं हसला. "उभं राहायचं आणि स्वतः पाहिलेलंच सांगायचं. फार छळलंत तुम्ही."

"मग ऊठ."

"बाई, पन्नाशी आली माझी."

"ऊठ म्हणते ना!"

तो उठला. कागद हातात घेऊन वाचू लागला. "शी दाशानच्या..." इथवर आला आणि अडला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच.

"भट्टीला तडा गेलाय, हे तो मला सांगून गेला होता," युनपेइ म्हणाला. "माल पाठवायची घाई होती. मीच म्हटलं, पेटव."

बाईंनी पेन पुढे केलं. त्याने दाशानचं नाव खोडून वर स्वतःचं लिहिलं. निष्काळजीपणा तसाच राहू दिला.

बाईंनी वाक्य पुन्हा वाचलं. हा कागद लागला की याला न्यायला येतील, हे त्यांना कळत होतं. मघाशीच 'बरोबर आहे' म्हणून टाकलं असतं, तर दोघांतला एक तरी जवळ राहिला असता.

"आता बरोबर आहे?" युनपेइ अजून उभाच होता.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "बस आता. जेवूनच जा."