तारेने बांधलेली जाळी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी जाळी आहे. डब्यांची झाकणं कापणाऱ्या प्रेसपुढे मला बसवलं. पायाने खटका दाबला की प्रेसचं पातं खाली येतं. त्या वेळी कामगाराचा हात आत नसावा, एवढंच माझं काम.

पण ते मला करू दिलं तर ना! माझ्यामुळे कामाला वेळ लागतो म्हणून मुकादमाने मला तारेने वर बांधलं. एका सकाळी, प्रेसवर बसणाऱ्या ताईचा हात आत असतानाच पातं आलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. चार बोटं झाकणांत पडली आणि रक्ताची चिळकांडी माझ्यापर्यंत उडाली. ती किंचाळत होती आणि मुकादम पत्रा पुसत होता! मेल्याच्या टाळक्यात पडावंसं वाटलं, पण तार पक्की होती.

ताईने कारखान्याच्या मालकावर दावा लावला. मागणी एकच, मला नटबोल्टने कायमचं खाली बसवा. कारण तिची धाकटी बहीण त्याच कारखान्यात होती. निकालापर्यंत प्रेस बंद ठेवायचा हुकूम झाला आणि पुरावा म्हणून मी कोर्टातल्या कपाटात गेले. तिथे धूळ खाल्ली, पण खरं सांगते, तेच माझे सुखाचे दिवस.

"बोलावणं आलं की या," असं वकिलाने ताईला सांगितलं होतं. मग तो स्वतःच गाव सोडून गेला. ताई वाट बघत राहिली. दर तारखेला पुकारा व्हायचा आणि तिच्या बाजूने कुणी ओ देत नसे. मी कपाटात चडफडत राहायचे. चौथ्या वर्षी मालकाने दावा काढून टाकायचा अर्ज केला, त्याची नोटीस मात्र तिला बरोबर पोचली.

"चार वर्षं काय केलंत?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वाट बघितली, साहेब. वाटलं, तुम्हीच बोलवाल."

"बाई, दावा तुमचा. तो तुम्हीच चालवायचा असतो."

दावा काढून टाकला गेला आणि प्रेसवरची बंदीही उठली. मालकाने मला परत नेलं आणि मुकादमाने त्याच दिवशी नवी तार आणली.

"बघू आता कुठे जातेस ते," म्हणत त्याने मला आवळलं.

आता प्रेसवर धाकटी बसते. हात चपळ आहे म्हणून तिचं कौतुक होतं. आज दुपारपासून ती जांभया देते आहे.

मित्रांनो, दावा लावलात तर बोलावण्याची वाट बघू नका, स्वतः जाऊन विचारा. पण ते नंतर. आधी कुणीतरी पक्कड आणा, ही तार तोडा. तिचा हात आत गेला आहे.