मागच्या आसाचे दाते

धारच्या उदाजीराव सरदारांची मोटर श्रीपादराव चालवीत. १९१३ सालच्या दसऱ्यापर्यंत त्यांना या कामाचा मोठा तोरा होता.

उदाजीरावांचे मावसभाऊ भैयासाहेब देवासला राहत. दोघांनी मुंबईहून एकाच वेळी, एकाच कारखान्याच्या दोन मोटरी आणवल्या होत्या. देवासची मोटर दत्ताजीकडे होती, आणि दत्ताजी मोटर शिकला तो श्रीपादरावांच्याच हाताखाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची मंडळी मांडू पाहायला निघाली. नालछा गाव मागे पडलं, घाट लागला, आणि श्रीपादरावांची गाडी धापा टाकू लागली. वाफ निघाली, बायका खाली उतरल्या, गड्यांनी मागून रेटलं. दत्ताजी मात्र सहा माणसं घेऊन न थांबता वर गेला.

"हात हलका आहे दत्ताजीचा," उदाजीराव सगळ्यांदेखत म्हणाले. "भैया, महिनाभर द्या आम्हाला त्याला."

श्रीपादरावांनी ते ऐकलं. घरी आल्यावर बायकोला सांगितलं, तर सरला म्हणाली, "आपला दत्ताजी ना? बरं झालं की. तुम्हीच शिकवलंत त्याला." त्या रात्री ते नीट जेवलेही नाहीत.

मग एक विचार मनात शिरला. गाड्या वरून सारख्या, पण मागच्या आसातले, चाकं फिरवणारे दाते निराळे असले तर? डोंगराळ मुलुखासाठी कारखाना वेगळे दाते बसवून देतो, असं मुंबईच्या दुकानात त्यांनी ऐकलं होतं. चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे जास्त लागतील तर गाडी सपाटीवर मंद, पण चढावर जोरकस. म्हणजे हात कसला, दातेच! हे मोजून काढायचं त्यांनी ठरवलं.

सकाळी त्यांनी आपल्या गाडीचं मागचं एक चाक जॅक लावून उचललं, टायरवर खडूची खूण केली, इंजिन हातानं हलकं फिरावं म्हणून प्लग काढले, वरचा गिअर टाकला आणि पुढून हँडल फिरवू लागले. थोडं फिरवायचं, मागे जाऊन खूण बघायची, परत पुढे यायचं. चाकाचा एक फेरा पुरा व्हायला हँडलचे सव्वादोन फेरे लागले, किंचित वरच.

कार्तिकात भैयासाहेबांच्या मुलीचा, चारुलतेचा, साखरपुडा होता. उदाजीरावांना घेऊन श्रीपादराव देवासला आले. टायर खराब होऊ नयेत म्हणून दत्ताजी उभ्या गाडीचा मागचा आस लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवी. दोन्ही चाकं अधांतरी. तो टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेला होता. श्रीपादरावांनी शेडचं दार लोटून घेतलं आणि प्लग काढून मोजायला लागले. दोन्ही चाकं बरोबरीनं फिरली. हँडलचे फेरे झाले साडेचार, वर थोडे.

दुप्पट. एवढा फरक निघाल्यावर जाणत्या माणसाला शंका यायला हवी होती. श्रीपादरावांना फक्त आनंद झाला.

जेवणं झाल्यावर विडे चालले होते, तिथेच त्यांनी उदाजीरावांना सांगितलं. "सरकार, देवासच्या गाडीचा आस घाटाचा आहे, आपला सपाटीचा. मी मोजून पाहिलं. तशा आसावर गाडी कोणीही वर नेईल."

"असं असेल तर मुंबईला तार करून तसाच मागवू," उदाजीराव म्हणाले.

भैयासाहेबांनी दत्ताजीला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "मला तर दोन्ही एकच वाटत होते, सरकार. उस्तादांबरोबर एकदा बघतो, मग सांगतो."

शेडमध्ये आल्यावर श्रीपादरावांकडून दोन्ही आकडे ऐकून त्यानं हळूच विचारलं, "उस्ताद, धारला तुम्ही एकच चाक उचललं होतं का?"

"हो. मग?"

"दुसरं चाक जमिनीवर असलं की त्याच्या वाट्याचा फेराही उचललेलंच चाक घेतं, म्हणून ते दुप्पट फिरतं, आणि हँडलचे फेरे निम्मेच लागतात. खलघाटला नर्मदेच्या वाळूत आपली गाडी रुतली होती, एकच चाक गरगरत होतं, तेव्हा तुम्हीच मला हे समजावलं होतं."

श्रीपादरावांना तो दिवस आठवला. आपण वाळूत काठीनं काढून दाखवलेली आकृतीसुद्धा आठवली. त्यांनी आपली गाडी आत आणली आणि दोघांनी तिची दोन्ही चाकं उचलली. दत्ताजी खुणेपाशी बसला, हँडल श्रीपादरावांनी फिरवलं. साडेचार, वर थोडे.

"मालकांना काय सांगू?" दत्ताजीनं विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं सांगतो."

तो उपरोधानं बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या तोंडावर खरोखरीचा आदर होता, आणि श्रीपादरावांना त्या घटकेला दत्ताजी जितका नकोसा झाला तितका घाटातही झाला नव्हता.

"तू काही सांगू नकोस," ते म्हणाले, आणि स्वतःच वाड्याच्या चौकात गेले.

"सरकार, माझं मोजमाप चुकलं. आस एकच आहेत. तार करू नये."

उदाजीरावांनी पानाची शीर काढता काढता वर पाहिलं. "मग घाटात काय झालं होतं?"

"चूक माझ्या हाताची होती," श्रीपादराव म्हणाले. "दत्ताजीला महिनाभर नको, एक दिवस बोलवा. माझ्याशेजारी बसेल."

मार्गशीर्षात दत्ताजी धारला आला. पाच माणसं घेऊन गाडी घाटाला लागली. पहिलं वळण अजून लांब होतं, तोच तो म्हणाला, "आता, उस्ताद." श्रीपादरावांनी गिअर उतरवला. इंजिन दमेपर्यंत वरच्या गिअरवर रेटायची त्यांची जुनी खोड होती. गिअर लवकर उतरवणं त्यांना कमीपणाचं वाटे. या खेपेला कोणालाही उतरावं लागलं नाही.

"शाबास, श्रीपादराव," मागून उदाजीराव म्हणाले.

दत्ताजी समोर रस्त्याकडे बघत होता. श्रीपादरावांनी ती शाबासकी निमूटपणे घेतली, पण तिला चव नव्हती. पुढेही बरीच वर्षं दत्ताजीचं नाव कोणी काढलं की ते विषय बदलीत. गिअर मात्र ते वळणाआधीच उतरवीत.